संयुक्त कमिशनिंग आणि एकात्मिक सेवा: इंग्लंडमधील दोन वेगळ्या व्यवस्था

इंग्लंडमध्ये आजारी माणसावर उपचार करण्याची जबाबदारी राष्ट्रीय आरोग्य सेवेची, म्हणजे एनएचएसची, आणि त्याच माणसाला घरी आंघोळ घालण्यासाठी मदतनीस किंवा वृद्धाश्रमात जागा मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलची, म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक प्रशासनाची, अशी विभागणी १९४८पासून चालत आली आहे. ही फट बुजवण्याच्या प्रयत्नांत संयुक्त कमिशनिंग (कोणती सेवा घ्यायची ते मिळून ठरवणे आणि तिचा खर्च उचलणे) आणि एकात्मिक सेवा ही दोन नावे वारंवार येतात आणि बहुतेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. गोंधळाला कायद्याचाही हातभार आहे, कारण एनएचएस कायदा, २००६ याच्या कलम ७५ने (आणि त्याआधी आरोग्य कायदा, १९९९ याच्या कलम ३१ने) निधी एकत्र करणे, एका संस्थेने दोघांच्या वतीने सेवा ठरवणे आणि सेवा एकत्रितपणे पुरवणे, या तिन्ही गोष्टींना एकाच तरतुदीखाली परवानगी दिली.

संयुक्त कमिशनिंग हा निर्णयाचा आणि पैशाचा व्यवहार आहे. एनएचएसचे स्थानिक मंडळ (२०२२च्या कायद्यानुसार अशी ४२ मंडळे स्थापन झाली) आणि कौन्सिल मिळून परिसरातील लोकांच्या गरजा तपासतात, कोणती सेवा हवी ते ठरवतात, ठरलेला निधी एकत्र करतात, पुरवठादाराशी करार करतात आणि कामावर देखरेख ठेवतात. २०१५मध्ये सुरू झालेला ‘बेटर केअर फंड’ हे याचे देशव्यापी उदाहरण असून पहिल्याच वर्षी त्यात सुमारे ५.३ अब्ज पौंड एकत्र आले. मात्र या निधीतून रुग्णालयातून घरी परतलेल्या आजींची सोय झाली, तरी त्यांच्याकडे येणारी परिचारिका एनएचएसची, समाजसेवक कौन्सिलचा आणि मदतनीस एखाद्या खासगी एजन्सीची असू शकते, आणि तिघांच्या नोंदी तीन वेगळ्या संगणकांवर असू शकतात.

एकात्मिक सेवेत जोडले जातात ते काम करणारे लोक. डेव्हनच्या किनाऱ्यावरील टॉर्बे येथे २००५मध्ये केअर ट्रस्ट, म्हणजे आरोग्यसेवा आणि देखभाल दोन्ही सांभाळणारी एनएचएसची संस्था, स्थापन झाला, तेव्हा कौन्सिलचे प्रौढांच्या देखभालीचे कर्मचारी त्या ट्रस्टकडे आले. परिचारिका, समाजसेवक आणि थेरपिस्ट यांची विभागवार पथके बनली आणि रुग्णाच्या कुटुंबाला संपर्कासाठी एक समन्वयक मिळाला. सेवा कशी असावी हे ठरवताना तेथील अधिकाऱ्यांनी ‘मिसेस स्मिथ’ नावाची एक काल्पनिक वृद्धा डोळ्यांसमोर ठेवली होती आणि प्रत्येक बदलाने तिला काय मिळेल, असा प्रश्न ते विचारत. हा ट्रस्ट सुरुवातीला सेवा ठरवणाराही होता आणि पुरवणाराही. पुढे या दोन भूमिका वेगळ्या ठेवण्याचे राष्ट्रीय धोरण आल्यावर पुरवठ्याचे काम दुसऱ्या संस्थेकडे गेले, परंतु पथके एकत्रच राहिली. सेवा ठरवणे आणि पथके एकत्र ठेवणे या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येतात, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

संयुक्त कमिशनिंगची घोषणा अधिक वेळा ऐकू येते, कारण, माझ्या मते, करारावर सह्या करणे हे शेकडो कर्मचाऱ्यांची पगारश्रेणी, निवृत्तिवेतन आणि वरिष्ठ बदलण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. अर्थात ते सोपेही नावापुरतेच: कौन्सिल आणि एनएचएस यांना मूल्यवर्धित कराचा परतावा वेगवेगळ्या नियमांनी मिळत असल्याने, एकत्रित निधी कोणाच्या खात्यात ठेवायचा यावरच बैठका लांबतात.

दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट मात्र तशीच राहते आणि कुटुंबांची सर्वाधिक फसगत तिथेच होते. एनएचएसचे उपचार मोफत असतात, तर कौन्सिलच्या देखभालीसाठी उत्पन्न आणि मालमत्ता तपासून शुल्क आकारले जाते. ज्याच्याकडे २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता आहे त्याला वृद्धाश्रमाचा खर्च सामान्यतः स्वतःच करावा लागतो, आणि २०१०मध्ये ठरलेली ही मर्यादा त्यानंतर दहाहून अधिक वर्षे वाढवली गेली नाही. निधी एकत्र केल्याने किंवा पथक एक झाल्याने ही रेषा पुसली जात नाही. म्हणून एकाच गणवेशातील दोन माणसे एकाच दिवशी घरी आली, तरी एकीच्या कामाचे बिल येऊ शकते आणि दुसरीच्या कामाचे येत नाही. घरी परतल्यावर उभारी धरण्यासाठी दिली जाणारी, जास्तीत जास्त सहा आठवड्यांची मदत मोफत असते. ती संपताच पुढच्या देखभालीसाठी पैशाची तपासणी सुरू होते, आणि हे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच लेखी विचारून घेणे हिताचे असते.