कुरण वेगळं, पॅडॉक वेगळं: सोलापूरकडं दोन एकरात घोडा ठेवायचा तर

अकलूजच्या बाजारातनं घोडा आणायचं डोक्यात आलं की आपल्याकडं बोलणं ठरलेलं असतंय, दोन एकर रान हाय की, सोडू चरायला. मग त्या दोन एकराला चारी बाजूनं तार मारतात, घोडा आत सोडतात, त्यालाच कुरण म्हणायचं आणि त्यालाच पॅडॉक. पहिल्या पावसाळ्यात झकास दिसतंय सगळं. दिवाळीपर्यंत गेटजवळची माती उघडी पडलेली, लांबच्या कोपऱ्यात गाजरगवत कमरेला आलेलं आणि घोडा दिवसभर कडब्याची वाट बघत उभा.

जमीन कमी पडली म्हणून हे होत नाही. कुरण घोड्याला खायला देण्यासाठी असतंय आणि पॅडॉक घोड्याला हिंडायला, लोळायला, उन्हात-वाऱ्यात उभं राहायला. या दोन्हीच्या गरजा एकमेकीच्या अगदी उलट आहेत, त्यामुळं एकाच तुकड्यावर दोन्ही कामं लादली की आधी गवत जातंय आणि मग मोकळं हिंडायची जागा पण चिखल किंवा फुफाटा होऊन बसते.

गवत का जातं हे बघायचं असेल तर घोडा चरताना जरा जवळ जाऊन बसा. गाय जीभ फिरवून गवताचा झुपका ओढते, तिला वरच्या बाजूला पुढचे दातच नसतात, म्हणून खाली बरंच शिल्लक राहतंय. घोड्याला वर-खाली दोन्हीकडं पुढचे दात आहेत, तो ओठानं गवत निवडतो आणि पार मातीलगत कात्री लावल्यासारखं कापतो, आणि जिथं कोवळं फुटलंय तिथंच परत परत येतो. लेंडकं मात्र ठराविक कोपऱ्यात टाकतो आणि त्या कोपऱ्यातलं गवत तोंडाला पण लावत नाही. म्हणजे रानाचा निम्मा भाग टक्कल आणि निम्मा जंगल, तेही कुणी काही चूक न करता, नुसता घोडा चोवीस तास आत ठेवला म्हणून.

म्हणून कुरणाला विश्रांती पाहिजे. गवत सहा-आठ इंच झालं की घोडा सोडायचा, तीन-चार इंचावर आलं की बाहेर काढायचा आणि पावसाळ्यात निदान तीन-चार आठवडे त्या तुकड्यात पाय ठेवू द्यायचा नाही. यासाठी कुरणाचे तीन-चार भाग लागतात, आणि मधल्या काळात घोडा उभा करायला जागा लागते, ती जागा म्हणजे पॅडॉक. तिथं गवत उगवायची अपेक्षाच करायची नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की रान कमी असेल तर पैसा आधी पॅडॉकवर घाला, कुरण पुढच्या वर्षी झालं तरी चालतंय, कारण पॅडॉक नसेल तर कुरण टिकतच नाही.

आता जागा निवडताना बरेच जण उलटं करतात. चांगली काळी जमीन घराजवळ आहे म्हणून तिथं पॅडॉक आणि मागची मुरमाड पड कुरणाला. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, त्यावरच आपली रब्बीची ज्वारी उभी असते, आणि त्या महिन्यात काळ्या रानात घोडा उभा राहिला की खुराच्या तळव्यात ती चिकट माती घट्ट भरून बसते, हूफ पिकनं, म्हणजे खूर साफ करायच्या आकड्यानं, उकरून काढली तरी संध्याकाळी परत तेच, काढायचा कंटाळा केला की आतला भाग सडून वास मारायला लागतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, भेगेत पाय अडकून मुरगळायची भीती. तेव्हा मुरमाड, जरा उताराची जागा पॅडॉकला आणि काळी ओल धरणारी जागा कुरणाला.

मुरमाड जागाच नसेल तर वरचा काळा थर काढून सहा इंच मुरूम टाकून दाबून घ्यावा लागतो. हिशोब सोपा आहे, गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सहा इंच थराला साधारण साडेपाच ब्रास मुरूम (ब्रास म्हणजे १०० घनफूट), दाबल्यावर बसतो म्हणून थोडा जास्तच धरायचा, आणि घेताना रॉयल्टीची पावती बघून घ्या. पाच गुंठ्याचं पॅडॉक एका घोड्याला ठीक होतंय, पण चौकोनी करू नका, ३६ फूट रुंद आणि १५० फूट लांब असं केलं तर तेवढ्याच जागेत घोडा दुडकी तरी मारू शकतो. सावलीला कडुनिंब असला तर सोनं, नसेल तर पत्र्याखाली वैरणीचा थर देऊन शेड करा, एप्रिल-मेमध्ये बेचाळीसच्या वर पारा गेल्यावर नुसता पत्रा भाजून काढतो. एक गोष्ट मात्र पक्की धरा, पॅडॉकमध्ये चारा जमिनीवर टाकायचा नाही, गव्हाणीत किंवा रबर मॅटवर टाका, नाहीतर कडब्याबरोबर माती-खडे पोटात जातात आणि त्यातनं पोटदुखी उठते, घोड्याची पोटदुखी जिवावर बेतते.

कुंपणातही फरक आहे. पॅडॉकचं कुंपण घोडा अंगानं रेलतो, घासतो, म्हणून पाईप नाहीतर लाकूड, साडेचार फुटाच्या आसपास उंच. कुरणाच्या आतल्या भागांना पातळ खांब आणि झटका मशीनची (विजेचा हलका झटका देणारी) रुंद पट्टी पुरते, हलवता पण येते. काटेरी तार दोन्हीकडं नको, बिचकलेला घोडा तारेत घुसला की पायाची कातडी सोलून निघते. आणि शोभेसाठी कडेला कण्हेर लावू नका, थोडी पानं पोटात गेली तरी घोडा मरतो.

कुरणात काय लावायचं यावर दुधाच्या धंद्यातले लोक हमखास हत्ती गवत सांगतात. गाई-म्हशीला ते चालतंय, घोड्याला रोजचं मुख्य खाणं म्हणून नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळं कॅल्शियम अंगाला लागत नाही, हळूहळू हाडं कमजोर होतात, तोंडाचं हाड सुजतं. ज्वारी कापल्यावर जो कोवळा फुटवा येतो त्यावर पण घोडा सोडायचा नाही, जनावराला किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागते ती यानंच, शिवाय घोड्याला हिरव्या ज्वारीवर रोज चारलं तर मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा त्रास होतो. वाळलेल्या कडब्यात ते विष बरंच कमी झालेलं असतंय, तो चालतो. मला विचाराल तर हराळी. द्राक्ष-डाळिंबवाले तिला शिव्या घालतात, पण आडवी पसरते, खुराखाली तग धरते, खालपर्यंत खाल्ली तरी परत फुटते आणि घोडे आवडीनं खातात. विहिरीला पाणी असेल तर एक तुकडा हराळीचा भिजवत ठेवा. पहिल्या पावसानंतर मात्र एकदम दिवसभर सोडू नका, वीस-पंचवीस मिनिटांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या, नाहीतर पोट फुगतंय, पाय धरतात.

दोन एकर म्हणजे ८० गुंठे. त्यातले ८ गुंठे रायडिंगच्या रिंगणाला गेले (२० बाय ४० मीटर बरोबर तेवढंच होतंय), ५-६ पॅडॉकला, ३-४ तबेला, वैरण आणि खताच्या खड्ड्याला, तरी ६० च्या वर गुंठे कुरणाला राहतात, त्याचे चार भाग करा. रिंगण आणि पॅडॉक एकच केलं तर चालेल का असं विचारतात, चालतं, पण खड्डे पडतात, रोज लेंडकं उचलून जमीन सारखी करायची तयारी पाहिजे.

आणि एवढं करूनही कुरणावर वर्ष निघेल ही आशा कोरडवाहू सोलापुरात ठेवू नका. जुलै ते ऑक्टोबर-नोव्हेंबर काय मिळेल ते खरं. ४०० किलोच्या घोड्याला रोज ८ किलोच्या आसपास सुका चारा धरा, वर्षाचे जवळपास ३ टन होतात, म्हणून रब्बी निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्येच कडबा भरून ठेवा, मे महिन्यात भाव विचारायची पण सोय राहत नाही.

लेंडकांचं दोन्हीकडं वेगळं आहे. पॅडॉकमधली रोज उचला. कुरणातली पावसाळ्यात आठवड्यातनं दोनदा तरी उचला, कारण ओलाव्यात जंताच्या अळ्या गवतावर चढतात, पण एप्रिल-मेमध्ये रिकाम्या कुरणात तीच फोडून पसरवली तर उन्हानं अळ्या मरतात आणि रानाला खत मिळतंय. उचललेली लेंडकं खड्ड्यात चांगली कुजवा, आतली उष्णता वाढली की जंताची अंडी मरतात, आणि असं खत सांगोल्याकडचे डाळिंबवाले स्वतः ट्रॉली घेऊन न्यायला येतात.