स्किनर यांची मुलगी आणि ‘पेटी’

वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी धाकट्या मुलीला प्रयोगाच्या पेटीत वाढवले आणि पुढे तिने वेडाच्या भरात आत्महत्या केली, ही कथा निखालस खोटी आहे. १९४४ मध्ये जन्मलेल्या या मुलीला दुपट्यांत गुंडाळून ठेवावे लागू नये म्हणून त्यांनी पुढून काच असलेला, आत उबदार हवा खेळवणारा बंदिस्त पाळणा बनवला होता; त्यात ना दाबायची कळ होती, ना बक्षिसाचे दाणे. कळ दाबली की दाणा मिळण्याची ती व्यवस्था स्किनर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांसाठी बनवलेल्या ‘स्किनर पेटी’त असे. घोटाळा वाढवला तो बहुधा १९४५ मध्ये एका अमेरिकी मासिकाने त्यांच्या लेखाला दिलेल्या ‘पेटीतले बाळ’ अशा (काहीशा उथळच) मथळ्याने. मुलगी चित्रकार झाली आणि २००४ मध्ये तिने स्वतःच ब्रिटिश वृत्तपत्रात लिहून या अफवांचे खंडन केले.