आधी सीमारेषा, मग सूत्र

सोलापुरातील चाटी गल्लीत चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या हातगाडीला हमाल पहिला जोर लावतो, तेव्हा बल आणि गती यांवरचे शालेय प्रकरण जवळजवळ संपूर्ण त्या एका क्षणात घडत असते. तरीही याच प्रसंगावरचे उदाहरण सोडवताना पुष्कळ विद्यार्थी अडखळतात आणि माझ्या मते त्याचे कारण गणित कच्चे असणे हे नसते. गाडी, हमाल आणि रस्ता यांपैकी नेमका कोणाचा हिशेब मांडायचा, हे ठरवण्याआधीच ते सूत्राकडे वळलेले असतात.

गाडी व गठ्ठे मिळून २०० किलोग्रॅम, हमालाचा जोर १५० न्यूटन आणि गाडीला होणारा एकूण विरोध ११० न्यूटन आहे, असे समजू. येथे हमखास शंका येते की, न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गाडीही हमालाला १५० न्यूटननेच मागे ढकलत असेल, तर ही दोन बले परस्परांना नाहीशी का करत नाहीत आणि गाडी मुळात हलते कशी? ही शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर चित्रातून मिळते. कागदावर फक्त गाडीभोवती एक बंद रेषा काढावी आणि बाहेरून आतल्या वस्तूवर लागणारी बलेच मोजावीत. गाडीने हमालावर लावलेले बल हमालाच्या खात्यात जाते, गाडीच्या नव्हे. वजन आणि रस्त्याचा आधार ही उभी बले एकमेकांना तोलतात. उरतात १५० वजा ११०, म्हणजे ४० न्यूटन; त्यांना २०० ने भागले की त्वरण दर सेकंदाला ०.२ मीटर प्रति सेकंद इतके येते. पाच सेकंदांनी गाडीचा वेग १ मीटर प्रति सेकंद झालेला असतो आणि ती २.५ मीटर पुढे गेलेली असते.

आता रेषा मोठी करून ६० किलोग्रॅमचा हमालही आत घ्यावा. हमाल आणि गाडी यांच्यातील दोन्ही बले आता आतली झाली, म्हणून ती हिशेबातून गळतात. मग या जोडीला पुढे ढकलते कोण? रस्ता. हमाल तळपायाने रस्ता मागे रेटतो आणि घर्षणामुळे रस्ता त्याला पुढे रेटतो. एकूण २६० किलोग्रॅमला तेच त्वरण द्यायचे तर ५२ न्यूटन लागतात; विरोधाचे ११० त्यांत मिळवले की रस्त्याचे बल १६२ न्यूटन निघते. रस्त्यावर तेल सांडले असेल, तर हमालाच्या दंडात कितीही ताकद असली तरी गाडी जागची हलणार नाही, हे या दुसऱ्या रेषेमुळेच स्पष्ट दिसते. एकच उदाहरण दोन रेषांनी सोडवून पाहण्याची सवय मला फार मोलाची वाटते.

उष्णतेच्या उदाहरणांतही अशीच रेषा काढावी लागते, फक्त तिथे बलांऐवजी रेषा ओलांडणारी ऊर्जा मोजायची. गच्चीवरच्या टाकीतील ३८ अंश सेल्सिअसचे १० लिटर पाणी माठात भरले आणि ते २८ अंशांपर्यंत उतरले, असे धरू. एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे येथे एकूण ४२० किलोज्यूल बाहेर जायला हवीत. बाहेरची हवा तर ४२ अंशांवर तापलेली. उष्णता आपोआप गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, म्हणून हवा ती घेणार नाही. ती नेते माठातून झिरपून बाष्प होणारे पाणी. या तापमानाला एक किलोग्रॅम पाण्याचे बाष्प व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात, तेव्हा जेमतेम १७५ ग्रॅम पाणी उडाले तरी हिशेब जुळतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त पाणी उडते, कारण तापलेल्या हवेतून उष्णता त्याच वेळी आतही शिरत असते आणि माठालाही थंड व्हावे लागते. कोकणातील दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, म्हणून तोच माठ तिथे पाणी इतके गार करू शकत नाही.

हाच नियम चादरीला लावून पाहावा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत, एक उघडा ठेवावा आणि दुसरा जाड, कोरड्या सोलापुरी चादरीत गुंडाळावा. चादर ऊब देते म्हणून गुंडाळलेला बर्फ लवकर वितळेल, असे अनेकांना वाटते. पण चादर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवते, मग ती उष्णता थंडीत अंगातून बाहेर जाणारी असो की उन्हाळ्यात बर्फाकडे येणारी. अर्ध्या तासाने चादर उघडली, तर आतला तुकडाच मोठा उरलेला दिसेल.