जिममधला ‘स्टील मेस’ आणि तालमीतली गदा

सांगली-साताऱ्याच्या जिममध्ये हल्ली डंबेल्सच्या रॅकशेजारी लांब दांड्याचा, टोकाला पोलादी गोळा असलेला एक प्रकार उभा दिसतो. त्याला स्टील मेस म्हणतात, आणि तो अमेरिकेतला नवा वर्कआउट म्हणून शिकवला जातो. लाल मातीत वाढलेल्या माणसाला ते ऐकून हसू येणारच. दगडाचा गोळा आणि बांबूचा दांडा एवढा फरक सोडला, तर ही आपली गदाच आहे.

गदा म्हटलं की मारुतीराया आठवतो. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा अशी बरीच ठाणी याच दोन जिल्ह्यांत, त्यामुळे गदेच्या मेहनतीचं मूळही तिथंच शोधायचा मोह होतो. पण मल्लांच्या मेहनतीच्या नोंदी त्याहून कितीतरी जुन्या आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये मल्लांचा खुराक, वजनं उचलण्याचा सराव, डाव-पेच असं सगळं येतं. कऱ्हाड-मिरजेचा मुलूख तेव्हा चालुक्यांच्याच मांडलिक शिलाहारांकडे होता.

गदेचं खरं मर्म दांड्याच्या लांबीत आहे. चार-पाच किलोचा गोळा मीटरभर दांड्याच्या टोकाला गेला की मनगटाला तो कैक पटींनी जड लागतो. गदा एका खांद्यावरून पाठीमागे सोडायची, लोलकासारखी झुलू द्यायची आणि दुसऱ्या खांद्यावरून ओढून पुढं घ्यायची. मध्येच पकड ढिली पडली तर गोळा थेट पाठीत बसतो. पंजा, दंड, खांदे, कंबर सगळं एकदम कामाला लागतं. समोरच्याची मान खेचायला पैलवानाला नेमकं तेच हवं असतं. करेल आणि मुद्गल ही मेहनतीची लाकडी साधनंही याच घराण्यातली, फक्त ती दोन्ही हातांत जोडीनं फिरवतात.

परदेशी गेली ती ही जोडी. हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ती पाहिली, हलकी करून आपल्या कवायतीत घेतली. १८३० च्या दशकात डोनाल्ड वॉकरनं इंग्लंडमध्ये तिच्यावर लिहिलं, १८६६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिम कीहोनं त्यावर अख्खं पुस्तक काढलं. तिकडं नाव पडलं ‘इंडियन क्लब’. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर जिम्नॅस्टिक्समध्ये त्याची स्पर्धाच होती. दोन्ही वेळा सुवर्ण अमेरिकनांनी नेलं, आधी एडवर्ड हेनिगनं, मग जॉर्ज रॉथनं. पुढं मात्र हे खूळ ओसरलं. आज त्याचा वंशज रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये सापडतो, आणि त्या क्लबचं वजन असतं जेमतेम दीडशे ग्रॅम! तालमीतल्या करेलशेजारी ठेवला तर लाटणं वाटेल.

जड गदा राहिली इथंच. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही प्रशिक्षकांचं तिच्याकडं लक्ष गेलं, आणि पोलादी रूप घेऊन ती बाजारात आली.

यावर ‘आमचंच चोरलं आणि आम्हालाच विकलं’ हा सूर लगेच लागतो. मला तो पटत नाही. इराणच्या जोरखान्यांत, म्हणजे तिथल्या तालमींत, ‘मील’ नावाची अशीच जाडजूड लाकडी जोडी शतकानुशतकं फिरवली जाते. मग एकट्यानं हक्क कुणी सांगायचा? शिवाय गदा कोपऱ्यात टाकली ती आपणच. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते गादीवर. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीची, म्हणून तालमींतही गादी आली, पाठोपाठ बारबेल आणि मशिन आली. गदा उरली बक्षिसापुरती. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं चांदीची गदा खांद्यावर घेतली.

मेहनतीची गदा आजही स्वस्तात होते. पाथरवटाकडून भोक पाडलेला गोळा आणायचा आणि त्यात जाड, भरीव बांबू पाचर मारून बसवायचा. पोलादी मेसमध्ये सोय एकच जास्त: वजन नेमकं ठरलेलं असतं, साडेचार किलोपासून चढत्या क्रमानं घेता येतं. नवख्यानं दोन्ही हात आधी गोळ्याकडे सरकवून धरावेत. दांड्याच्या शेवटाला जायची घाई केली तर खांदा पहिल्याच आठवड्यात बोलायला लागतो.