शरीरप्रतिमा आणि वैवाहिक निष्ठा

आपल्या शरीराविषयी स्त्रीच्या मनात असलेले चित्र, त्यामुळे शरीरसंबंधात येणारा मोकळेपणा किंवा संकोच आणि पतिपत्नींची परस्परांशी एकनिष्ठता यांच्यातील नात्याचा अभ्यास लैंगिक मानसशास्त्रात केला जातो. या मनातल्या चित्राची, म्हणजे शरीरप्रतिमेची, कल्पना पाउल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञांनी १९३५ मध्ये विस्ताराने मांडली. प्रत्यक्ष शरीर आणि मनातले शरीर यांत बरेच अंतर असू शकते. सडपातळ बाईलाही आपण बेढब आहोत असे वाटते.

बाळंतपणानंतर सुटलेले पोट, शस्त्रक्रियेचे व्रण, कर्करोगामुळे काढावा लागलेला स्तन, पाळी जातानाचे बदल अशा वेळी हा संकोच बळावतो. दिवा मालवल्याशिवाय जवळ न येणे, ठरावीक अंग झाकून ठेवणे, नवऱ्याने केलेले कौतुक खोटे वाटणे ही त्याची नेहमीची रूपे. नवरा त्याचा अर्थ ‘हिला मी नको आहे’ असा लावतो, आणि दोघेही गप्प राहतात. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की समागमाच्या वेळी माणूस प्रेक्षकासारखा स्वतःलाच न्याहाळू लागला की सुख हातचे जाते. यावर त्यांनी सुचवलेल्या उपचारात सुरुवातीला समागम वर्ज्य असतो. जोडप्याने फक्त स्पर्शाकडे लक्ष द्यायचे असते.

अँड्रिया मेल्ट्झर आणि जेम्स मॅकनल्टी यांच्या २०१० च्या अमेरिकेतील अभ्यासात, स्वतःला आकर्षक मानणाऱ्या पत्नी आणि त्यांचे पती संसारात अधिक समाधानी आढळले. पत्नीचे वजन लक्षात घेऊनही हा संबंध टिकला. क्रिस्टन मार्क आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये असे दिसले, की शरीरसंबंधात आपण कमी पडू अशी धास्ती असलेल्या स्त्री-पुरुषांत प्रतारणा अधिक होती. स्त्रियांच्या बाबतीत नात्यातले असमाधानही महत्त्वाचे ठरले. मात्र मॅकनल्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात शय्यासुखाबाबत समाधानी असलेल्यांकडूनच प्रतारणा अधिक झालेली आढळली. तेव्हा आत्मविश्वास वाढला की निष्ठा आपोआप येते, असे म्हणता येत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळणे (सहसंबंध) म्हणजे एक दुसरीचे कारण असणे नव्हे, हे येथे विसरून चालणार नाही.

‘बायको स्वतःकडे बघत नाही, म्हणून तो बाहेर जातो’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य नेमकी हीच गफलत करते आणि नवऱ्याच्या निर्णयाचा दोष बायकोच्या अंगावर टाकते. मुळात ‘गोरी, सडपातळ’ अशी अट घालणाऱ्या स्थळांच्या जाहिरातींपासूनच मुलीला इतरांच्या नजरेने स्वतःला जोखायला शिकवले जाते.

महाराष्ट्रात शरीरसुखाबाबतच्या मौनाला पहिला मोठा धक्का दिला तो र. धों. कर्वे यांनी. १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून त्यांनी संततिनियमनाइतक्याच ठामपणे स्त्रीच्या कामसुखाचा हक्क मांडला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली.

निष्ठेच्या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ नुसार व्यभिचाराची तक्रार पतीला करता येई, पत्नीला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार कायद्यात कायम आहे.