कंपन मोजणारा पिझो आणि कंपनातून वीज काढणारा पिझो

मोटरच्या अंगावर थरथर मोजायला बसवलेला सेन्सर आणि त्याच थरथरीतून वीज काढणारं हार्वेस्टर, दोन्हींच्या पोटात पिझोच असतो. १८८० साली ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलेला गुणही तोच: दाब किंवा ताण पडला की विद्युतभार तयार होतो. म्हणून बेळगावात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या कुणालाही वाटू शकतं, की बझरमधली पितळी चकती उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या लेथच्या मोटरवर सपाट चिकटवली की तापमान पाठवणारं छोटं सर्किट चालेल. ते चालत नाही. चकती वाईट नसते, तिची रचना सेन्सरच्या जातीची होते.

फरक नैसर्गिक वारंवारितेत आहे, म्हणजे धक्का दिला की वस्तू स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरते त्यात. सेन्सरची वारंवारिता मोजायच्या कंपनाच्या खूप वर ठेवतात, म्हणजे कंपन २० हर्ट्झचं असो वा २०० चं, तो एकाच प्रमाणात उत्तर देतो. हार्वेस्टरची मात्र यंत्राच्या वारंवारितेवरच नेमकी बसवावी लागते.

आकडे पाहा. चार पोलची मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे २४ हर्ट्झ. त्वरण धरू १ मीटर प्रति सेकंद वर्ग. १० किलोहर्ट्झ नैसर्गिक वारंवारितेचा सेन्सर इथं आतल्या आत जेमतेम पाव नॅनोमीटर हलतो. हार्वेस्टर म्हणजे टोकाला वजन लावलेली पिझोची पट्टी; ती २४ हर्ट्झला जुळवली आणि अवमंदन गुणोत्तर (थरथर किती लवकर विरते याचं माप) ०.०१ असेल, तर तिचं टोक दोन मिलीमीटरहून जास्त हलतं. मोजायला पाव नॅनोमीटर पुरतो, कारण पुढं अ‍ॅम्प्लिफायर असतो. वीज हवी तर पट्टी खरोखर वाकली पाहिजे.

म्हणून हार्वेस्टरला वजन हवं आणि सेन्सरला ते शक्य तितकं कमी. पट्टी ४८ हर्ट्झवर हलत असेल तर २४ वर आणायला टोकाचं वजन चौपट करावं लागतं. सर्किटही उलटं: सेन्सरकडून करंट जवळजवळ घ्यायचाच नसतो, हार्वेस्टरवर लोड, म्हणजे वीज घेणाऱ्या सर्किटचा रोध, जुळवून घ्यावा लागतो. पिझोची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) २० नॅनोफॅरड असेल तर २४ हर्ट्झला तो लोड सुमारे ३.३ लाख ओहम येतो. एवढं सगळं जमलं तरी १० ग्रॅम वजनामागं कागदावरसुद्धा एक मिलीवॅट होत नाही. कपॅसिटरमध्ये साठवून अधूनमधून एखादं तापमान पाठवायला मात्र ती वीज कामाची आहे, आणि जिथं वायर नेता येत नाही तिथं तर फारच मोलाची.

खरी अडचण पुढं आहे, आणि प्रोजेक्टच्या अहवालांत तिला जागा मिळायला हवी. मोटरवरचं काम हलकं होऊन तीच मोटर १४७० फेऱ्यांवर गेली, म्हणजे कंपन फक्त अर्ध्या हर्ट्झनं सरकलं, की मिळणारी वीज पाचव्या हिश्श्याच्याही खाली येते. सेन्सरला हा बदल जाणवतसुद्धा नाही. निपाणीकडं उसाच्या शिवारात व्होल्टेज पडलं की पंपाची मोटर मंदावते, तिथंही हेच होणार. अशा ठिकाणी मी फेऱ्यांचा नाद सोडून मोटरचा १०० हर्ट्झचा गुंजारव धरीन, पट्टी त्यालाच जुळवीन. तो लाइनच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट असतो आणि मोटर मंदावली तरी जागचा फारसा हलत नाही. त्वरण तेवढंच असेल तर वीज २४ हर्ट्झच्या मानानं साधारण चौथा हिस्सा मिळेल, पण रोज मिळेल.

आणि तो गुंजारव त्या मोटरवर किती जोराचा आहे, हे कळायला आधी सेन्सरच लावावा लागतो: रिकाम्या मोटरवर, भरल्या लोडवर, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावरही. त्या नोंदी हातात आल्या की मगच पट्टी कापायची.