जुन्या टूरिंग सायकलची ओळख मापातून पटते

मुंबईत चोर बाजारापासून कुर्ल्याच्या भंगारवाल्यांपर्यंत कुठेही जुनी सायकल पाहायला गेलात, तर विकणारा तिला हमखास ‘ओरिजिनल इंग्लंड’ म्हणतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही, कारण हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावर बहुधा तसेच काहीतरी लिहिलेले असते. पण बिल्ला दोन रिव्हेटांनी बसतो आणि तितक्याच सहजपणे निघतो. रंग आणि स्टिकर तर कितीदा बदलले असतील याचा हिशेबच नसतो. त्याउलट नळीच्या पत्र्याची जाडी, आट्यांची संख्या आणि मागच्या चाकासाठी ठेवलेल्या फटीची रुंदी या गोष्टी बदलण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. म्हणून अशी सायकल हाती आली की पॉलिश पेपरच्या आधी व्हर्नियर कॅलिपर बाहेर काढावा, असे माझे मत आहे.

टूरिंग सायकल म्हणजे सामान लादून दिवसभर चालवण्यासाठी बांधलेली सायकल. तिची दोन चाके एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे मागच्या पिशव्यांना टाच लागत नाही आणि वाहन सरळ रेषेत निश्चिंत धावते. पुढचा फोर्क, म्हणजे चिमटा, ठळकपणे पुढे वळलेला असतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरपूर जागा असते, आणि कॅरियर व मडगार्ड बसवण्यासाठी चाकाच्या आसाजवळ भोके असलेले छोटे कान झाळलेले असतात. शर्यतीच्या सायकलला हे कान बहुधा नसतात, त्यामुळे पहिली चाळणी तिथेच लागते. मुंबईला हा प्रकार परका नाही. १९२३ साली येथून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे प्रदक्षिणा पूर्ण करून १९२८ साली परतले. असे असले तरी शहरातल्या बहुतेक जुन्या सायकली टूरिंगच्या नव्हेत, रोजच्या कामाच्या आहेत. डबेवाल्यांच्या हाती दिसते ती जड आणि भक्कम सायकल त्याच घराण्यातली.

नावाचा गोंधळ आणखी एका कारणाने होतो. इंग्रजी नावाच्या सगळ्याच सायकली इंग्लंडमध्ये बनलेल्या नाहीत. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची भारतीय आवृत्ती सेन-रॅले बंगालमध्ये आसनसोलला तयार होत असे, हर्क्युलिस आणि बीएसए मद्रासच्या टीआय कंपनीने काढल्या, आणि खुद्द मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण १९८० सालच्या एकाच कायद्याने झाले. वरळीची सायकल नॉटिंगहॅमची म्हणून विकली जाण्यात नुकसान दोघींचे होते. स्थानिक उद्योगाचा इतिहास म्हणून तिला स्वतःचे मोल आहेच.

आता मापाकडे वळू. सीटखालच्या उभ्या नळीचा बाहेरचा व्यास ब्रिटिश पद्धतीच्या बहुतेक सायकलींत २८.६ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाला एक अष्टमांश कमी, असतो. सीटची दांडी बाहेर काढून नळीच्या आतला व्यास मोजला आणि तो साधारण २५.४ भरला, तर वजाबाकी करून दोनाने भागल्यावर पत्र्याची जाडी १.६ मिलिमीटर निघते. ते साधे, जाड पोलाद होय. आतला व्यास २७.२ च्या आसपास असेल, तर जाडी ०.७ पर्यंत उतरते, आणि हातात आहे ती उच्च प्रतीच्या मिश्र पोलादाची नळी, असे समजायला जागा होते. माप नळीचे घ्यावे, दांडीचे नव्हे, कारण बारीक दांडीभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून ती बसवण्याची युक्ती आपल्या मेकॅनिकांना चांगली अवगत आहे.

या पातळ नळ्यांतली सर्वांत नावाजलेली म्हणजे १९३५ साली आलेली रेनॉल्ड्स ५३१, मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. उच्च प्रतीचे पोलाद हे साध्या पोलादापेक्षा अधिक ताठ नसते. दोन्हींचा ताठरपणाचा गुणांक जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. फरक असतो तो बळात, म्हणजे कायमचे वाकण्यापूर्वी धातू किती ताण सोसतो यात. बळ जास्त असल्यामुळे पत्रा पातळ ठेवता येतो आणि त्यातून वजन वाचते. पुन्हा, नळी सर्वत्र सारखी पातळ नसते: सांध्याजवळ, जिथे ताण जास्त आणि झाळताना उष्णताही जास्त, तिथे ती आतून जाड ठेवलेली असते. पातळ नळी किंचित लवते, आणि जुन्या टूरिंग सायकलची ती मऊ, लवचीक चाल, जिचे जाणकार इतके कौतुक करतात, तिच्यात या लवण्याचाही वाटा असतो.

काळ ठरवण्यासाठी मागच्या फोर्कची आतली रुंदी मोजावी. मागे पाच दातेरी चकत्यांच्या फ्रीव्हीलच्या जमान्यात ती १२० मिलिमीटर असे, सहा-सात चकत्यांसाठी १२६ झाली, आणि पुढे आणखी वाढली. चाकाचे मापही बोलके असते. आपल्याकडच्या नेहमीच्या २८ × १½ टायरची रिमवर बसण्याची जागा ६३५ मिलिमीटर व्यासाची, टूरिंगच्या २७ × १¼ ची ६३० आणि आधुनिक ७०० सी ची ६२२. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ६३० च्या रिमवर ६३५ चा टायर चढवला तर हवा भरताना तो निसटून ट्यूब फुटते.

मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, गिअर असतील तर काम आणखी सोपे होते. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या १९३६ सालापासूनच्या एडब्ल्यू या तीन गिअरच्या हबवर बनावटीचे वर्ष, आणि पुष्कळदा महिनाही, ठोकलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने हबचे कवच पुसत गेले की काळ्या ग्रीसखालून आधी अक्षरे आणि मग आकडे वर येतात. तिरपा टॉर्च धरला तर झिजलेला आकडाही वाचता येतो. अर्थात हे साल हबचे आहे. चाक नंतर बदलले असू शकते, म्हणून फ्रेमचा क्रमांक, नळीची जाडी आणि फटीची रुंदी यांच्याशी ते जुळते का, हे पाहिल्याशिवाय सायकलचे वय जाहीर करू नये.

आट्यांबाबत मात्र सावध राहायला हवे. पायडलच्या आसाच्या पेटीवर ब्रिटिश प्रमाणानुसार एका इंचात २४ आटे असतात, पण रॅलेने आपल्या कित्येक सायकलींवर स्वतःचे २६ आट्यांचे माप चालवले. पान्याला लांब पाइप लावून २४ चा कप, म्हणजे छर्रे धरणारी आट्यांची वाटी, २६ च्या पेटीत दामटला, की पेटी कायमची गेली. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, हेही जोर लावण्यापूर्वी आठवावे.

सायकल घेण्यापूर्वी हँडलच्या मागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटावरून अंगठा हळू फिरवावा. समोरून धडक बसलेली असेल, तर सांध्याच्या दोन-तीन बोटे मागे बारीकसा उंचवटा लागतो आणि त्यावर रंगाला आडव्या भेगा दिसतात. असा सांगाडा सुधारण्याचा खर्च सहसा परवडत नाही. सरळपणा तपासायला तर दोरा पुरतो: मागच्या एका टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत तो ताणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. अंतर सारखे नसेल तर मागचा भाग वाकलेला आहे.

मुंबईत सायकलचा खरा शत्रू पाऊस नसून मीठ आहे. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि मिठामुळे त्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या क्षारांत साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळते. मुंबईत आर्द्रता त्याखाली क्वचितच जाते. म्हणजे आपल्याला कोरडा वाटणारा सांगाडा डिसेंबरातही अदृश्य खाऱ्या थराखाली ओलाच असतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे तो रंगाला आतून उचलतो, आणि फुगलेल्या रंगाखाली पुन्हा पाणी साचते.

क्रोमच्या भागांचे गणित निराळे आहे. चकाकणारा क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाइतकाच असतो. खरे रक्षण त्याखालचे निकेल करते. निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने, थराला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले की त्या जागी लोखंड आधी झिजते आणि तिथे खोल खड्डा तयार होतो. जस्ताचा मुलामा याउलट वागतो, तो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. म्हणून क्रोमच्या रिमवर ठिपके दिसू लागले की वाट पाहू नये. ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद पाण्यात बुडवून घासला तरी वरवरचा गंज निघतो, कारण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत.

खोल गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिड उपयोगी पडते. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत ते मिळते. त्याचे रेणू गंजातल्या लोहाला पकडून पाण्यात विरघळवतात आणि रंग बहुतांशी शाबूत ठेवतात. ते विषारी आहे. हातमोजे, उघडी खिडकी आणि स्वयंपाकघरातली नसलेली बादली, या तीन गोष्टींना पर्याय नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन सांगाडा लगेच पूर्ण कोरडा करावा. सरसकट सँडब्लास्टिंग आणि वर पावडर कोटिंग, हा सध्या सर्वांत लोकप्रिय उपाय मला पटत नाही. ०.७ मिलिमीटरच्या नळीवर वाळूचा अनाठायी मारा परवडत नाही, जाड थराखाली सांध्यांची नक्षी बुजते, आणि मूळ रंगाबरोबर फ्रेमचा पुरावाही जातो. जिथे रंग धड आहे तिथे तो राहू द्यावा, आणि उघड्या पडलेल्या जागांवरच गंजरोधक अस्तर देऊन रंग भरावा.

अडकलेली सीटची दांडी ही या कामातली सर्वांत चिवट अडचण. ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत असेल, तर खारट ओलीत त्या दोन धातूंचा विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियमवर साचलेला ऑक्साइड तिला पाचरीसारखा घट्ट धरतो. अशा वेळी ब्लोटॉर्च हाती घेण्याची घाई घात करते: ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे सगळा सांधा तापवला की दांडी अधिकच आवळते. दांडी थंड केली तर ती नळीपेक्षा जास्त आकसते. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवावे, सकाळी दांडीवर बर्फ धरावा, आणि मग सीटऐवजी फ्रेमलाच पिळा द्यावा.

नळ्यांच्या आतून उकळलेले जवसाचे तेल फिरवावे. हवेतल्या ऑक्सिजनने ते घट्ट पापुद्र्यासारखे जमते आणि मिठाला वाट बंद करते. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, कारण त्याच रासायनिक क्रियेची उष्णता ढिगात साठून त्या आपोआप पेटू शकतात. क्रोमची रिम ओली झाली की रबराची पकड फारच कमी होते; त्यामुळे सायकल पावसाळ्यात चालवायची असेल, तर मूळपणाचा हट्ट सोडून ॲल्युमिनियमची रिम घालणे शहाणपणाचे. जुनी रिम बांधून माळ्यावर ठेवली की इतिहासाचेही नुकसान होत नाही.

सगळे छर्रे बदलून, कप-कोनमध्ये नवे ग्रीस भरून सायकल जुळली, तरी कसाऱ्याच्या घाटाला जाण्यापूर्वी गिअरची तार तपासायलाच हवी. एडब्ल्यू हबमध्ये मध्यभागी २० दात्यांचे स्थिर चक्र आणि बाहेर ६० दात्यांची कडी असते. या आकड्यांवरूनच खालचा गिअर सरळ, म्हणजे मधल्या गिअरच्या, गतीच्या तीन चतुर्थांश आणि वरचा एक पूर्णांक एक तृतीयांश येतो. पुढे ४६ आणि मागे १८ दाते असलेल्या २८ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सरळ गिअरला सुमारे ५.७ मीटर, तर चढाच्या गिअरला ४.३ मीटर अंतर कापले जाते. मधल्या आणि वरच्या गिअरच्या दरम्यान मात्र एक जागा अशी आहे, की जिथे पायडल मोकळे फिरते आणि चाकाला काहीच जोर पोहोचत नाही. तार सैल असेल आणि चढावर उभे राहून जोर लावताना हब त्या जागी घसरला, तर स्वार थेट पुढच्या दांडीवर आदळतो. म्हणून गिअर मधल्या खुणेवर ठेवून उजव्या नटच्या खिडकीतून आत पाहावे: साखळीला जोडलेल्या बारीक दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी अगदी बरोबर येईपर्यंत तारेचा नट फिरवावा, आणि तो जागचा हलू नये म्हणून चेकनट आवळावा.